गर्भारपणातील दारू आणि बाळाची नजर : तपासणीत न विचारला जाणारा प्रश्न

नेत्रसेवक

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून काम करतो. शाळा तपासणीत दरवर्षी काही मुले अशी भेटतात, की योग्य नंबरचा चष्मा लावूनही त्यांना तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचता येत नाहीत. डोळा बाहेरून स्वच्छ असतो, मोतीबिंदू नसतो, मार लागल्याची खूण नसते. थेंब टाकून बाहुली मोठी केली आणि आत पाहिले, की काही जणांत दृष्टीची नस पडद्यातून जिथे बाहेर पडते ती चकती नेहमीपेक्षा लहान आणि फिकट दिसते. याला ऑप्टिक नर्व्ह हायपोप्लेझिया म्हणतात. म्हणजे नस सुकलेली नसते, ती गर्भातच पूर्ण वाढलेली नसते. याची कारणे अनेक आहेत आणि पुष्कळदा कारण सापडतही नाही. परंतु जी कारणे माहीत आहेत त्यांपैकी एकाबद्दल आपल्याकडे कोणीच विचारत नाही, आणि ते कारण म्हणजे आईच्या गर्भारपणातील दारू. हा धागा त्यासाठी काढला आहे.

विषय नवा नाही. फ्रान्समधील नान्त शहरात पॉल लेमवान या बालरोगतज्ज्ञांनी १९६८ मध्ये दारूचे व्यसन असलेल्या पालकांच्या १२७ मुलांची निरीक्षणे मांडली होती. त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथील केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आठ मुलांची माहिती प्रसिद्ध केली आणि या अवस्थेला फीटल अल्कोहोल सिंड्रोम हे नाव मिळाले. पुढे लक्षात आले की सर्व लक्षणे एकत्र असलेली मुले थोडी आणि काही लक्षणे असलेली मुले बरीच जास्त असतात, म्हणून आता या संपूर्ण पट्ट्याला एफएएसडी (फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर) म्हटले जाते.

डोळ्यांचा भाग स्वीडनमधील गोथेनबर्गच्या नेत्रतज्ज्ञ शेर्स्टिन स्ट्रोमलांड यांनी १९८० च्या दशकात बारकाईने अभ्यासला. पूर्ण सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी सुमारे निम्म्या मुलांमध्ये त्यांना नस अपुरी वाढलेली आढळली, आणि बऱ्याच मुलांत पडद्यावरच्या रक्तवाहिन्या, विशेषतः रोहिण्या, नागमोडी वळलेल्या दिसल्या. याशिवाय तिरळेपणा, वरची पापणी खाली येणे, मोठा नंबर, डोळ्यांची सतत थरथर या गोष्टी आढळतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर कमी असणे हे तर निदानाच्या तीन मुख्य चेहरेखुणांपैकी एक आहे. बाकीच्या दोन म्हणजे पातळ वरचा ओठ आणि नाक व ओठ यांमधील पन्हळीचा सपाटपणा. जन्मजात मोतीबिंदू, काचबिंदू किंवा फारच लहान डोळा हेही होऊ शकते, पण ते क्वचित.

वय वाढते तशा चेहऱ्यावरच्या खुणा पुसट होत जातात. स्वीडनमध्ये पूर्व युरोपातून दत्तक आलेल्या मुलांची लहानपणी आणि पुन्हा तरुणपणी तपासणी करण्यात आली, तेव्हा डोळ्यांतील दोष मात्र टिकून असल्याचे दिसले. चेहऱ्यावरून काही ओळखू येत नसताना डोळ्याच्या आत खूण शिल्लक असते, म्हणून डोळे तपासणाऱ्यांनी हा विषय माहीत करून घेतला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

यात कोणत्याही आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हेतू नाही. प्रत्यक्ष गावात काम करणाऱ्यांनी आणि बालरोगतज्ज्ञांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

बालाघाट

विषय चांगला आहे, परंतु मराठवाड्याशी त्याचा संबंध मला ताणलेला वाटतो. आपल्याकडील बायका दारू पीत नाहीत. पितात ते पुरुष, आणि त्याचे भोग बायका भोगतात. ज्या देशांत स्त्रियांचे मद्यपान सर्वमान्य आहे तिथला हा प्रश्न आहे. आपल्याकडील मुलांची नजर आणि वाढ कमी असण्याची कारणे कुपोषण, रक्तक्षय, कमी वयातील लग्ने आणि नात्यातील लग्ने ही आहेत, आणि त्यांवरून लक्ष हटू नये.

नेत्रसेवक

बालाघाट, आपण सांगितलेली चारही कारणे खरी आहेत आणि त्यांचे वजन मी कमी करत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशात १५ वर्षांवरील महिलांपैकी सुमारे १ टक्का आणि पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के मद्यपान करतात. म्हणजे एकूण चित्र आपण म्हणता तसेच आहे. पण सरासरीचा आकडा सगळ्या गावांना आणि वस्त्यांना सारखा लागू होत नाही, आणि घरातल्या चारचौघांसमोर विचारलेल्या प्रश्नाला बाई कितपत खरे उत्तर देऊ शकेल, हाही विचार करावा लागतो.

जगभराच्या माहितीचा एक अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे १० टक्के स्त्रिया गर्भारपणात दारू घेतात आणि दर दहा हजार जन्मांमागे साधारण १५ बालकांना पूर्ण सिंड्रोम असतो. आपले प्रमाण याहून पुष्कळ कमी असणार. तरीही जे आहे ते शून्य नाही, आणि जे शून्य धरले जाते त्याची नोंदच होत नाही. अपुऱ्या वाढलेल्या नसेचे मूल माझ्यासमोर बसते तेव्हा मी आईला ताप आला होता का, कोणती औषधे घेतली, नात्यात लग्न आहे का, वय किती होते, हे सारे विचारतो. त्याच यादीत आणखी एक प्रश्न असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

गटप्रवर्तक

मी आशा कार्यकर्त्यांची गटप्रवर्तक आहे आणि आमच्या भागातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. ‘आपल्याकडील बायका पीत नाहीत’ हे वाक्य मी सभांमध्ये पुष्कळदा ऐकले आहे आणि त्याचा परिणाम असा होतो, की जी थोडीफार पिते ती बाई कोणाजवळच बोलत नाही.

ज्या बहुसंख्य बायका दारूला हातही लावत नाहीत त्यांच्यावर डाग येऊ नये, हे मलाही महत्त्वाचे वाटते. परंतु काही बायकांनी मला विश्वासाने जे सांगितले ते असे. कोयता घेऊन जोडप्याने जायचे, उचल घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. पहाटे फडात उतरायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या, रात्री अपरात्री गाडी भरायची आणि परत कोपीवर, म्हणजे झोपडीवर, येऊन चुलीशी बसायचे. अंग इतके दुखते की झोप येत नाही. नवऱ्याने आणलेल्या बाटलीतले थोडे घेतले की पाठ सैल पडते आणि थंडी कमी वाजते, असे कोणीतरी सांगते आणि त्यातून सवय लागते. दिवस गेल्याचे तिला पहिले दोन महिने कळलेलेच नसते, कारण पाळी अनियमित असते आणि कळण्याची सोयही जवळ नसते. पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावर, ती गावी परतते तेव्हा आमच्याकडे नोंदणी होते, आणि तोवर पाचवा-सहावा महिना लागलेला असतो.

अशा बाईला ‘तू दारू पितेस का’ असे नवऱ्यासमोर, सासूसमोर किंवा अंगणवाडीच्या ओट्यावर विचारले तर ती नाही म्हणेल आणि पुढच्या तपासणीला येणारच नाही. मी तिला बाजूला घेते. आधी पाठदुखी, झोप, घरातली भांडणे यांबद्दल विचारते. मग ‘दुखणे सहन होत नाही तेव्हा काय घेतेस? गोळी, तंबाखू, मिश्री, दारू, काहीही असो, मला सांग, मी कुठे बोलणार नाही’ असे म्हणते. उत्तर आले तर चेहऱ्यावर काहीही न दाखवता पुढे बोलते. घरी मारहाण असेल तर तोही धागा तिथेच सापडतो, कारण या दोन गोष्टी पुष्कळदा एकाच घरात असतात.

माझा आग्रह एवढाच आहे, की तिला दोष देऊन काही साधत नाही. तिच्या अंगदुखीवर सुरक्षित औषध, तिच्यासाठी हलके काम आणि फडाजवळ येणारी आरोग्य तपासणी यांची सोय होत नाही तोवर ‘घेऊ नकोस’ हा सल्ला अपुरा आहे.

लातूरची लेक

हा धागा वाचून मला रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहिते आहे. मी लातूरची, सध्या नोकरीनिमित्त पुण्यात असते. मला आता चौथा महिना आहे. दिवस गेल्याचे कळण्याआधी एका लग्नाच्या कार्यक्रमात आणि त्यानंतर एकदा मी वाईन घेतली होती. कळल्यानंतर एक थेंबही घेतलेला नाही. माझ्या डॉक्टरांना हे सांगायचे धाडस झाले नाही, कारण सासूबाई प्रत्येक वेळी सोबत असतात. माझ्या बाळाच्या डोळ्यांना काही झाले असेल का? आता करण्यासारखे काही उरले आहे का?

बालवैद्य

ताई, मी परभणीत बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करतो. सर्वप्रथम आपण घाबरू नका. दिवस गेल्याचे कळण्यापूर्वी एक-दोनदा थोडी वाईन घेतलेल्या स्त्रिया जगात असंख्य आहेत आणि त्यांपैकी बहुतेकींची मुले निरोगी असतात. सुरक्षित प्रमाण कोणते हे विज्ञानाला ठरवता आलेले नाही, म्हणून सल्ला ‘अजिबात नको’ असा दिला जातो. याचा अर्थ प्रत्येक घोटाने इजा होतेच असा होत नाही. सर्वांत जास्त धोका एकाच बैठकीत भरपूर पिण्याचा आणि रोजच्या पिण्याचा असतो. आपण थांबलात, हे बाळासाठी सर्वांत महत्त्वाचे पाऊल होते, कारण मेंदूची आणि नजरेची वाढ नऊही महिने चालू असते.

इतर वाचकांसाठी हे थोडे उलगडून सांगतो. दारू वार (प्लासेंटा) सहज ओलांडते आणि थोड्याच वेळात बाळाच्या रक्तातील प्रमाण आईच्या रक्ताइतके होते. बाळाच्या यकृताकडे ती पचवण्याची यंत्रणा जवळपास नसते. बाळाने बाहेर टाकलेली दारू गर्भजलात उतरते आणि तेच गर्भजल बाळ पुन्हा गिळते, त्यामुळे आईची नशा उतरल्यानंतरही बाळाभोवती तिचा अंश रेंगाळतो.

डोळ्याची सुरुवात फार लवकर होते. गर्भधारणेपासून साधारण २२ व्या दिवशी भावी मेंदूच्या दोन बाजूंना डोळ्यांच्या खाचा दिसू लागतात, पाचव्या आठवड्यात डोळ्याचा पेला आणि भिंग आकार घेते, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात पेल्याखालची फट मिटते. याच काळात चेहऱ्याचा बराचसा भाग घडवणाऱ्या न्यूरल क्रेस्ट पेशी आपापल्या जागी पोहोचत असतात, आणि दारूने त्या मोठ्या संख्येने मरतात असे प्राण्यांवरील प्रयोगांत स्पष्ट दिसले आहे. कॅथलीन सुलिक यांनी १९८१ मध्ये उंदरांच्या गर्भांवर दाखवून दिले, की माणसाच्या तिसऱ्या आठवड्याशी जुळणाऱ्या टप्प्यावर दारू दिली तर चेहरा आणि डोळे यांत तशाच विकृती निर्माण होतात. नस ही पडद्यातील गँग्लिऑन पेशींच्या लाखो तंतूंची बनलेली दोरी आहे. पेशी कमी उरल्या की दोरी बारीक होते. नसेच्या तंतूंवर आवरण चढण्याचे काम तर गर्भारपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत सुरू होऊन जन्मानंतरही चालते. म्हणून कोणत्याही महिन्यात थांबले तरी उपयोग होतोच.

आणखी एक मार्ग असा सांगितला जातो, की ‘अ’ जीवनसत्त्वापासून रेटिनोइक आम्ल तयार करणारी विकरे (एन्झाइम) दारू पचवण्यात गुंततात आणि डोळ्याच्या घडणीला लागणारा संकेत अपुरा पडतो. हे वाचून कोणी गर्भारपणात ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जादा गोळ्या घेऊ नयेत, कारण त्याचा अतिरेकही गर्भाला घातक आहे. फॉलिक आम्ल आणि लोहाच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे चालू ठेवाव्यात. परंतु त्या दारूवरचा उतारा नाहीत.

ताई, आपल्या डॉक्टरांशी दोन मिनिटे एकटीने बोलण्याची विनंती करा. वजन घेताना किंवा रक्तदाब तपासताना परिचारिकेला सांगितले तरी ती व्यवस्था करते. पाचव्या महिन्यातील सोनोग्राफी नेहमीप्रमाणे करून घ्या, पण सोनोग्राफीत नस दिसत नाही हेही लक्षात ठेवा. बाळ झाल्यावर ते दोन-तीन महिन्यांचे होईपर्यंत आईच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहू लागते का, याकडे लक्ष द्या, आणि नियमित तपासणीत ही माहिती बालरोगतज्ज्ञांना सांगा.

किनवटकर

आमच्या किनवट-माहूर भागात मोहाची दारू हा व्यसनाच्या पलीकडचा विषय आहे. ती सणाला, देवाला, लग्नाला आणि मर्तिकाला लागते, आणि ती घरी गाळण्याचे काम पुष्कळदा बायकाच करतात. तेलंगणाच्या सीमेकडे बिलोली, देगलूर, धर्माबाद या बाजूला शिंदी आहे, आणि ‘शिंदी म्हणजे झाडाचा रस, ती थंड असते, पोटुशीला चालते’ असे जुनी माणसे आजही सांगतात. सकाळी उतरवलेली ताजी नीरा गोड असते. ऊन चढेल तशी ती आंबते आणि तिच्यात दारू तयार होते, हा फरक लोकांना समजावून सांगावा लागतो.

इथे ‘दारू पाप आहे’ असे सांगणारा माणूस बाहेरचा ठरतो. आमच्या एका अंगणवाडी सेविकेने वेगळी भाषा वापरली. ती म्हणाली, ‘पेन-देवाला अर्पण करा, पण बाळ पोटात असेपर्यंत सुनेने फक्त बोट लावावे, तिच्या वाट्याचा मान बाळंतपणानंतर.’ हे मान्य झाले, कारण ते सासूच्या तोंडून सुनेपर्यंत गेले. धाग्यावरील डॉक्टरांनी अशा रीतींची टिंगल न करता मार्ग सुचवावेत, असे वाटते.

पैठणकर

दोन प्रश्न आहेत. पहिला, बाळंतिणीला आणि कधीकधी पोटुशीलाही आसवे-अरिष्टे दिली जातात. त्यांत दारू असते म्हणतात, ते खरे का? दुसरा, बाप पीत असेल तर बाळाच्या डोळ्यांवर परिणाम होतो का?

बालवैद्य

दशमूलारिष्ट, द्राक्षासव यांसारखी औषधे आंबवून तयार होतात, त्यामुळे त्यांत आपोआप तयार झालेली दारू थोड्या प्रमाणात असते आणि बाटलीवर तसे छापलेलेही असते. चमचा-दोन चमच्यांच्या मात्रेतून पोटात जाणारी दारू अल्प असते; एखादीने घेतली असेल तर तिने धास्ती घेऊ नये. परंतु गर्भारपणात असे कोणतेही औषध स्वतःच्या मनाने किंवा शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नये, वैद्यांना दिवस गेल्याचे स्पष्ट सांगावे. खोकल्याच्या काही पातळ औषधांनाही हेच लागू आहे. थंडीसाठी बाळंतिणीला किंवा तान्ह्या बाळाला ब्रँडी देण्याची रीत मात्र पूर्णपणे बंद व्हायला हवी. आईच्या रक्तातील दारू दुधात उतरते, आणि बाळाला थेट दिलेली ब्रँडी जीवघेणी ठरू शकते.

वडिलांविषयी : एफएएसडीचे निदान आईच्या गर्भारपणातील दारूशीच जोडलेले आहे. वडिलांच्या दारूचा शुक्रजंतूंवर परिणाम होऊन पिलांच्या चेहऱ्याच्या घडणीत फरक पडतो, असे उंदरांवरील अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. माणसाबद्दल तेवढ्या ठामपणे बोलता येत नाही. पण घरात बाटली आणणारा, बायकोला ‘घे थोडी’ म्हणणारा आणि पिऊन मारहाण करणारा पुरुष बाळाच्या प्रकृतीला जबाबदार आहे, हे सांगायला प्रयोगाची गरज नाही. गर्भारपणाच्या नऊ महिन्यांत नवऱ्यानेही सोडली तर बायकोला सोडणे सोपे जाते, हे मी माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत पाहिले आहे.

एक धोक्याची सूचनाही देतो. जी स्त्री रोज भरपूर पिते तिने एकदम घरच्या घरी बंद करू नये. हातापायांना कंप, झटके, भ्रम येऊ शकतात आणि ते आई-बाळ दोघांनाही घातक असते. तिला जिल्हा रुग्णालयात दाखल करून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावे लागते. मनाच्या आधारासाठी टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

गुरुजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माझ्या वर्गात एक मूल आहे, ते चष्मा लावते, तरी फळ्यावरचे उतरवताना ओळी चुकवते, पायऱ्या उतरताना चाचपडते, काल शिकवलेले आज विसरते आणि शिक्षेचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही. घरची परिस्थिती या धाग्यावर वर्णन केल्यासारखीच आहे. मी निदान करू शकत नाही, हे मला कळते. पण मी काय करावे?

नेत्रसेवक

गुरुजी, आपण निरीक्षण लिहिले आहे तेच फार मोलाचे आहे. अशा मुलांत दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. डोळ्यांतून येणारी माहितीच अपुरी असते, आणि आलेली माहिती मेंदूने जुळवायची तीही क्षमता कमी असते. अंतराचा आणि खोलीचा अंदाज, गर्दीतून एखादी वस्तू वेगळी ओळखणे, फळ्यावरून वहीत उतरवताना मधल्या क्षणी लक्षात ठेवणे, हे त्यांना जड जाते. बेरीज-वजाबाकीही त्यांना बहुधा भाषेपेक्षा कठीण वाटते. शिक्षेचा उपयोग होत नाही, कारण कृती आणि परिणाम यांचा सांधा त्यांच्या मनात टिकत नाही. त्याला हट्ट किंवा निगरगट्टपणा समजणे हा त्या मुलावर अन्याय होतो.

त्याला पहिल्या बाकावर, उजेड पाठीमागून येईल असे बसवा. फळ्यावर एका वेळी कमी मजकूर, ठळक अक्षरात लिहा. एका वेळी एकच सूचना द्या आणि ती त्याच्याकडून म्हणवून घ्या. रोजचा क्रम शक्यतो बदलू नका. आपल्या शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. २०१३ पासून सुरू असलेल्या या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. पथकाला हे मूल वेगळे दाखवा आणि आपले निरीक्षण कागदावर लिहून द्या. आईच्या दारूबद्दलचा आपला अंदाज त्या कागदावर लिहू नका, तो वर्गात किंवा गावात फुटला तर मूल शाळेतून काढले जाईल. तो प्रश्न डॉक्टरांना आईशी एकांतात बोलू द्या.

आत्या

माझी वहिनी वारली आणि तिचे मूल आता मी सांभाळते. वहिनीला पिण्याची सवय होती, हे घरात सर्वांना माहीत आहे, पण बाहेर कोणी बोलत नाही. मूल साडेचार वर्षांचे आहे, अंगाने फार बारीक आहे आणि एक डोळा आत वळतो. गावातील लोक म्हणतात की तिरळेपणा शुभ असतो आणि वयाबरोबर जातो. मी कुठे जावे आणि काय सांगावे?

नेत्रसेवक

ताई, तिरळेपणा आपोआप जाईल म्हणून थांबू नका. वळलेल्या डोळ्याकडून येणारे चित्र मेंदू हळूहळू नाकारू लागतो आणि तो डोळा आळशी होतो. चष्मा लावणे आणि चांगल्या डोळ्यावर ठरावीक तास पट्टी लावणे या उपचारांचा सर्वांत जास्त उपयोग साधारण सात-आठ वर्षांच्या आत होतो. आपले मूल साडेचार वर्षांचे आहे, म्हणजे वेळ हातात आहे, पण ती या वर्षीच वापरली पाहिजे. नस अपुरी वाढलेली असेल तर ती वाढवणारे औषध वा शस्त्रक्रिया नाही. तरीही नंबर आणि आळशीपणा यांमुळे गेलेली नजर बरीचशी परत मिळवता येते, म्हणून नसेचा दोष निघाला तरी पट्टी सोडू नका.

आपल्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. तिथे बालरोग, डोळे, कान, दात, वाचा आणि मानसशास्त्र यांची तपासणी एकाच ठिकाणी व्हावी अशी रचना आहे. पुढील तपासणीची गरज पडली तर अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरचे घाटी हे शासकीय रुग्णालय, किंवा लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, जे जवळ पडेल तिथे जावे. थेंब टाकून चष्म्याचा नंबर काढण्याची आणि पडदा व नस पाहण्याची स्पष्ट मागणी करा. थेंबांमुळे डोळे काही काळ उजेडाने दिपतात, त्याला घाबरू नका.

दोन्ही डोळ्यांची नस लहान निघाली तर बालरोगतज्ज्ञांना वाढीची संप्रेरके आणि थायरॉईड तपासायला सांगा, कारण अशा काही मुलांत मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीही अपुरी असते आणि अंगाने बारीक राहण्याचे ते एक कारण असू शकते. हे कारण उपचार होण्यासारखे आहे. हृदयाची आणि कानांची तपासणीही करून घ्या. वहिनीबद्दल डॉक्टरांना एकांतात, मूल समोर नसताना सांगा. ‘गर्भारपणात दारू घेत होती, साधारण किती आणि कोणत्या महिन्यांपर्यंत’ एवढे पुरेसे आहे. या आजाराचे निदान एखाद्या रक्ततपासणीने होत नाही, इतर आजार वगळून आणि ही माहिती जोडूनच ते होते. आपण ती सांगितली नाही तर डॉक्टर वर्षानुवर्षे दुसरीच कारणे शोधत राहतील.

उत्तम चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी राहिली तर अल्पदृष्टीचे प्रमाणपत्र मिळू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचे नाव स्वतंत्रपणे नाही, परंतु अल्पदृष्टी, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांची नावे आहेत, आणि त्याआधारे शाळेत सवलती मागता येतात. ही प्रक्रिया जिल्हा रुग्णालयातूनच सुरू होते, म्हणून पहिल्या भेटीला जाताना मुलाचा जन्मदाखला, आधार कार्ड, लसीकरणाचे कार्ड आणि असतील तर बाळंतपणाचे जुने कागद सोबत ठेवा. तपासणीत काय निघाले ते याच धाग्यावर लिहा; चष्म्याचा नंबर आणि पट्टीचे तास यांबद्दल काही अडले तर मी आणि बालवैद्य दोघेही उत्तर देऊ.